चौथी तार

मिस्त्री निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांचा कान अजून कामावरच होता. शेजारच्या फ्रिजची घरघर भिंतीतून आली की ते म्हणत, "हा काही उन्हाळा काढत नाही." आणि तो खरंच काढायचा नाही. अशा माणसाला शेजारी मान देतात, पण घरी बोलवत नाहीत.

दुसऱ्यांच्या कामातल्या चुका त्यांना तोंडपाठ होत्या. कुणी कोणत्या साली कुठला स्क्रू अर्धा पिळून सोडला, कुणी जोडावर टेपचे दोनच वेढे दिले, सगळी जंत्री तयार. हाताखाली तयार झालेली पोरं आता स्वतः मिस्त्री झाली होती, तरी रस्त्यात भेटली की आधी हात मागे घेत. हात दाखवला तर हे कुठल्या तरी जुन्या जोडाबद्दल विचारतील, ही धास्ती.

त्या दिवशी सकाळी छापखान्याच्या मालकांचा फोन आला. मिस्त्रींनी तिथे चौतीस वर्षं काढली होती.

"मिस्त्री, जरा येऊन जा. एका कागदावर तुमची सही हवी आहे."

"कसला कागद?"

"आपला ट्रान्सफॉर्मर मोडीत काढतोय. वरच्या मजल्यावर दोन महिन्यांत अकरा कंप्युटर जळाले. नव्या इंजिनीअरबाई म्हणतात, आतल्या तारेचं रिवाइंडिंग सदोष आहे. ते काम झालं तेव्हा हजर असलेले तुम्हीच एकटे उरलात."

फोन ठेवून मिस्त्री वळले, तर बायको दारात उभी. हातात चहाचा कप, पण तो पुढे करायचं नाव नाही.

"अण्णांचा?" तिनं विचारलं.

अण्णा म्हणजे तिचे वडील. छापखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मिस्त्रींचे ते आधी गुरू झाले आणि मग सासरे, आणि दोन्ही नात्यांत त्यांनी जावयाला कधी ढील दिली नाही. जाऊनही आता बारा वर्षं झाली होती.

"हो. तोच."

"आणि तुम्ही सही करणार? अण्णांचं काम सदोष म्हणून?"

"बघू तर दे आधी."

"बघा ना. अण्णा असते तर त्यांनी आधी बघणाऱ्याला बघून घेतलं असतं." तिनं कप टेबलावर ठेवला. चहा बशीत सांडला, आणि तो पुसायला कुणीच हात लावला नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली की अशा सांडण्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

छापखान्याच्या मागच्या अंगणात जाळीच्या कुंपणाआड ट्रान्सफॉर्मर उभा होता. करडा रंग, अंगावर तेलाच्या नळ्या, पायाशी खडी. बाहेरून अकरा हजार व्होल्ट घ्यायचे आणि आत चारशे द्यायचे, एवढंच त्याचं आयुष्य. मिस्त्री जाळीपाशी थांबले आणि डोळे मिटून ऐकू लागले. पूर्वी तो एका सुरात गुणगुणायचा, पोट भरून झोपलेल्या माणसासारखा. आता सूर खरबरीत झाला होता. त्यात बारीक करकर मिसळली होती.

"ऐकून कळतं काका?" मागून आवाज आला. इंजिनीअरबाई तिशीच्या असतील. हातात मीटर, खिशाला तीन पेनं, आणि चेहऱ्यावर 'म्हाताऱ्याला जरा वेळ द्यावा' असा समजूतदारपणा. मिस्त्रींना तो समजूतदारपणा भांडणापेक्षा जास्त टोचला.

"आजारी आहे एवढं कळतं. आजार कुठला ते सांगायला तुम्ही आहात."

"तापमान वीस अंशांनी जास्त आहे. लोड मात्र क्षमतेच्या निम्माही नाही. वर व्होल्टेज मधेच एका कोपऱ्यात चढतं, दुसऱ्या कोपऱ्यात पडतं. तेहतीस वर्षांपूर्वी हातानं गुंडाळलेला, आत कुठेतरी वेढे एकमेकांना चिकटले असणार." बाई अडखळल्या. "मालक म्हणाले ते तुमचे... मला वाईट वाटतं, काका. पण मीटरला नातं कळत नाही."

टाकीवर पत्र्याची एक पाटी होती. खिळ्यानं टोचून टोचून लिहिलेली: 'पुन्हा गुंडाळला', खाली साल आणि उस्तादांचं नाव. त्या पाटीवरची अक्षरं टोचताना मिस्त्रींनीच पत्रा धरला होता.

तेव्हा ते तीस वर्षांचे होते. भर हंगामात ट्रान्सफॉर्मर जळाला. बाहेरून दुरुस्त करून आणायला दोन महिने लागतील असं कळल्यावर थोरले मालक, म्हणजे आताच्या मालकांचे वडील, डोक्याला हात लावून बसले. उस्ताद म्हणाले, "इथेच गुंडाळू." छपराखाली लाकडी फिरकी उभी केली. मिस्त्रींनी हँडल फिरवायचं, उस्तादांनी तांब्याची तार बोटांतून सोडायची, थर संपला की कागद घालायचा. आणि मोजायचं. उस्ताद मोजत असताना कुणी बोललेलं चालत नसे. एकदा थोरले मालक स्वतः येऊन म्हणाले, "काय, कुठवर आलं?" उस्तादांनी एक शब्द न बोलता आख्खा थर उलगडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर मालक अंगणातून बूट हातात घेऊन जात.

अकरा दिवस लागले. अंगाला तेलाचा वास, बोटांना चिरा. संध्याकाळी उस्तादांची मुलगी डबा घेऊन यायची आणि छपराच्या टोकाशी थांबायची, कारण तिलाही बोलायची बंदी. मिस्त्री हँडल फिरवता फिरवता तिकडे बघत. उस्ताद म्हणत, "चारशे बारा. हँडलकडे बघ. चारशे तेरा."

त्या मोजदादीत चूक? एखाद्यानं सूर्य चुकून उगवला म्हटलं असतं तर मिस्त्रींनी विचार केला असता.

"बाई," ते म्हणाले, "माझी एक अडाणी शंका आहे. ट्रान्सफॉर्मर बंद करा. आजचा दिवस जनरेटरवर चालवा."

"का?"

"जनरेटर उस्तादांनी गुंडाळलेला नाही. वरचे दिवे आता शहाण्यासारखे वागले, तर मी तुमच्या कागदावर दोनदा सही करीन."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मघाचा समजूतदारपणा चेहऱ्यावरून उतरला आणि त्या जागी कुतूहल आलं. मिस्त्रींच्या मनात बाईंच्या नावे पहिली जमा पडली. बोलणाऱ्याचं वय न बघता प्रश्न बघणारी माणसं थोडी असतात.

अकरा वाजता ट्रान्सफॉर्मर बंद झाला. शेजारच्या खोलीतला डिझेलचा जनरेटर खोकला आणि धापा टाकत चालू झाला. खाली छपाईची मशीनं सुरू झाली तशी तो दमदार गुरगुरू लागला. पण वरच्या मजल्यावरचे ऐंशी कंप्युटर लागले, तसा त्याचा आवाज बदलला. कण्हायला लागला.

"तुमच्या वरच्या मजल्याला खायची रीत नाही," मिस्त्री म्हणाले.

बाई हसल्या. "अगदी बरोबर, काका. जुनी मोटर वीज सलग पिते, लाट जशी येते तशी. कंप्युटर लाटेच्या शेंड्यावरच तोंड लावतो, एक लचका तोडतो आणि थांबतो. ऐंशी जण एकदम लचके तोडतात, त्यामुळे लाट चुरगळते. सेकंदाला पन्नास वेळा येणाऱ्या मूळ लाटेच्या अंगावर दीडशेची, अडीचशेची पोटलाट उठते. हार्मोनिक्स म्हणतात त्यांना. ट्रान्सफॉर्मर तापायचं एक कारण तेही असेल."

"आमच्या वेळी हे नव्हतं."

"तुमच्या वेळी कंप्युटर नव्हते."

अर्ध्या तासात वरून ओरडा आला. दोघं जिना चढून गेले. मजल्याच्या एका टोकाचे दिवे लग्नघरासारखे झगझगत होते, दुसऱ्या टोकाचे देवळातल्या समईसारखे मिणमिणत होते. मालक मध्यभागी उभे राहून "बंद करा, बंद करा" म्हणत होते आणि स्वतः काहीच बंद करत नव्हते.

बटणं पडली. कंप्युटर वाचले.

"म्हणजे ट्रान्सफॉर्मर नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "दोघांच्या पुढे काहीतरी आहे. आणि खालच्या मशीनांना त्रास नाही... ती तीन फेजवर चालतात, त्यांना न्यूट्रल लागतच नाही." त्या खाली पळाल्या. वरचा मजला थोडा वेळ पुन्हा चालू करायला लावून त्यांनी पॅनेलमधल्या तारांना एकेक करून मीटरचा चिमटा लावला. तीन फेजांवर ऐंशी-ऐंशी अँपिअर. चौथ्या तारेवर, न्यूट्रलवर, एकशे वीस.

"चौथीवर जास्त?" मिस्त्रींच्या तोंडून निघालं.

उस्तादांनी त्यांना शिकवलेला पहिला धडा याच तारेचा होता. 'तिघं भाऊ मिळून एक चाक फिरवतात. एक ओढतो तेव्हा दोघं ढकलतात. मधल्या खुंट्याला कळतसुद्धा नाही काही. न्यूट्रल म्हणजे तो खुंटा.' चौतीस वर्षं मिस्त्री त्या तारेवर चार-पाच अँपिअर बघत आले होते.

"तिघं भाऊ अजून तसेच आहेत, काका," बाईंनी ती गोष्ट ऐकून सांगितलं. "पण प्रत्येकाच्या खांद्यावर आता एकेक पोर बसलंय, तिप्पट वेगानं उड्या मारणारं. भाऊ एकमेकांमागून पाळीनं येतात, पण तिन्ही पोरांची उडी नेमकी एकाच क्षणी पडते. त्यांचं ओझं फिटत नाही, बेरीज होते. सगळी बेरीज खुंट्यावर." त्यांनी पॅनेलच्या दारात अडकवलेला जुना नकाशा उलगडला. "पण इथे तर लिहिलंय, चारही तारा सारख्या, पस्तीस चौरस मिलिमीटरच्या. पस्तीसची तार एकशे वीस सोसायला हवी. टोकंही बघितली मी, खालची आणि वरची. चारही जाड आहेत. मग हे अडतंय कुठे?"

मालकही खाली आले होते. "मला काही कळत नाही, पण दोन्ही जुने झालेत ना? ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर, दोन्ही काढा. मिस्त्री, करा सही, आपण मोकळे होऊ."

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात दोन सह्या होत्या. 'काम केलं' याखाली मिस्त्रींची. 'तपासलं' याखाली उस्तादांची.

मिस्त्रींना तो शनिवार पुन्हा दिसला. ट्रान्सफॉर्मर सुरू होऊन आठवडा झाला होता आणि वरच्या मजल्याची नवी वायरिंग चालू होती. उस्ताद म्हणाले होते, "चारही पस्तीसच्या ओढ. आणि काम संपव, मग संध्याकाळी घरी चहाला ये. मुलगी आहे घरात." उस्तादांच्या तोंडून एवढं लांब वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. मिस्त्री त्या दिवशी तारा ओढत नव्हते, हवेत तरंगत होते. तीन तारा गेल्या, आणि चौथीला गुंडाळी संपली. दोन-तीन हात उरली. दुकानं बंद झालेली. कपाटात सोळाची बारीक तार होती, हवी तेवढी.

न्यूट्रल म्हणजे खुंटा. खुंट्याला काय कळतंय? त्यांनी भिंतीतल्या नळीच्या पोटातून सोळाची ओढली. उस्ताद टोकं तपासतील हे ठाऊक होतं, म्हणून उरलेल्या पस्तीसच्या दोन तुकड्यांचे जोड वर-खाली लावले आणि जोड नळीच्या डब्यांत लपवले. टेपचे वेढे आठ दिले. वेढ्यांत त्यांनी कधी काटकसर केली नाही.

उस्ताद आले, वरचं टोक बघितलं, खालचं बघितलं. "सारख्या?" त्यांनी विचारलं. "सारख्या," मिस्त्री म्हणाले. उस्तादांनी सही केली. डबे उघडले नाहीत. एरवी मेल्या माणसाचीसुद्धा नाडी दोनदा बघणारा तो गृहस्थ, त्या दिवशी होणाऱ्या जावयावर विसंबला.

"मिस्त्री?" मालक म्हणाले. त्यांनी पेन पुढे केलं.

आता सही केली तर कुणाला काही कळणार नव्हतं. नवा ट्रान्सफॉर्मर येईल, भिंती फोडून नव्या तारा पडतील, जुनी नळी तशीच चुन्यात गाडली जाईल. पत्र्याच्या पाटीसकट उस्ताद मोडीत जातील, एवढंच. मेलेल्या माणसाला नाव राखायला तोंड नसतं. जिवंत माणसाला असतं, आणि ते बंद ठेवणं फार सोपं असतं. मिस्त्रींनी तेहतीस वर्षं ठेवलं होतं.

त्यांनी पेन घेतलं आणि स्वतःच्या खिशाला लावून टाकलं.

"बाई, मेन बंद करा. जिन्याच्या वळणावर नळीचा डबा आहे, रंगाखाली गेलाय. तो उघडू."

"त्यात काय आहे?"

"माझी चूक."

रंगाचे सहा-सात थर खरवडून झाकण निघालं. आतून जळक्या रबराचा वास आला. टेप कोळसा होऊन हाताला पापुद्र्यांनी सुटली. जोड काळा पडला होता आणि बोटानं हलत होता. हलला की वर दिवे नाचत, असा त्याचा गेल्या दोन महिन्यांचा कार्यक्रम.

बाईंनी बारीक तार बघितली, जाड तुकडा बघितला, आणि मग मिस्त्रींकडे बघितलं. "वरच्या डब्यातही असाच?"

"असाच. हा मी केला. उस्तादांना चारही सारख्या म्हणून सांगितलं. त्यांनी विश्वासानं सही केली. तुमच्या कागदात लिहा तसं. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोष नाही. दोष जिन्यात आहे, आणि तो माझ्या हातचा आहे."

मालकांनी डब्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही? मिस्त्री, तुम्ही? मी बोटभर असताना एका वेढ्यासाठी तुम्ही मला रडवलं होतं!"

"म्हणूनच रडवलं असेन," मिस्त्री म्हणाले. हे त्यांना बोलल्यावरच कळलं.

"पण तेव्हाच्या लोडला ती तार पुरेशी होती," बाई हळूच म्हणाल्या. "कित्येक ठिकाणी न्यूट्रल निम्माच घालायचे. तुम्ही नकाशात सोळा लिहिलं असतं तर कुणी काही म्हटलंही नसतं."

"उस्ताद म्हणाले असते."

"काय?"

"काम संपलेलं नाही. चहा सोमवारी."

बाईंना अर्थ लागायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून निसटलं. मिस्त्रींना राग आला नाही. खरं तर बरं वाटलं. एवढ्या वर्षांच्या ओझ्याला कुणी हसू शकतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नकाशावर त्यांनी स्वतःच्या हातानं 'चारही सारख्या' खोडलं. शेजारी खरं ते लिहिलं, खाली आजची तारीख घातली आणि सही केली. उस्तादांच्या सहीला त्यांनी हात लावला नाही.

घरी पोचले तेव्हा बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"केलीत सही?"

"केली. दुसऱ्या कागदावर." आणि त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तारेची गुंडाळी कुठे संपली इथपासून डब्यातल्या कोळशापर्यंत. अण्णांच्या पाटीला धक्का नाही, हेही सांगितलं. ते त्यांनी आधी सांगायला हवं होतं, पण हिशेबात क्रम त्यांना कधी चुकवता आला नाही.

ती ऐकत राहिली. निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकाच ढिगात पडत होती.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे आलात," ती शेवटी म्हणाली, "ओट्यापाशी बसलात, अण्णांनी स्वतःच्या हातानं तुम्हाला दुसरा कप दिला. जन्मात कुणाला दिला नव्हता. आणि तेव्हा तुमच्या पोटात हे होतं?"

"हो."

"मला वाटलं, मला बघून घाम फुटला."

"तोही होता थोडा."

ती हसली नाही. "अण्णा आम्हाला सांगायचे, पोरगा साधा आहे पण कामाला खोट नाही. आई म्हणाली, पगार कमी आहे. ते म्हणाले, कामाला खोट नाही. एवढ्या एका वाक्यावर दिलं मला तुम्हाला."

तिच्या खात्यातली जमा आणि आपल्याकडची उधारी मिस्त्रींना बरोबर दिसत होती, आणि त्या दोन्ही आकड्यांत तडजोड होण्यासारखं काही नव्हतं. "अगं, मी तेव्हाच सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"अण्णांना हवं होतं. मला काय!" ती ताट घेऊन आत गेली. आत बराच वेळ नळ वाहत राहिला. मग तिचा आवाज आला. "नवी तार कोण ओढणार?"

"बाई म्हणाल्या माणसं लावते. मी म्हटलं, मी ओढीन."

"या वयात? जिन्यावर?"

"माझीच आहे ती."

नळ बंद झाला. ती पदराला हात पुसत दारात आली. "मग उद्या मी पण येते."

"तू कशाला?"

"अण्णांनी डबे उघडून बघितले नव्हते ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली. जिन्याच्या वळणावर स्टूल टाकून बसली आणि दोन्ही डब्यांची झाकणं मांडीवर घेतली. बाईंनी मागवलेली न्यूट्रलची तार या वेळी फेजांच्या दुप्पट जाड होती. नळीत शिरायला ती कुरकुरत होती. खाली मालक, वर बाई, आणि मधे घामाघूम झालेले मिस्त्री. तार पहिल्या डब्यातून बाहेर आली तशी बायकोनं ती चिमटीत धरली, अंगठ्यानं दाबून बघितली आणि हात हातभर खाली नेत पुन्हा दाबली. कुणीही काही बोललं नाही.

"ओढा," ती म्हणाली.